जुन्या नावाचा नवा डबा : घरच्या कॉम्प्युटरचं वायफाय बदलताना

२१ मे २०२५ च्या संध्याकाळी अमळनेरात वादळ झालं, आमच्या गल्लीतल्या खांबावरून आलेली इंटरनेटची वायर तुटली, आणि तेव्हापासून ११ जूनपर्यंत घरचा कॉम्प्युटर घरच्या नेटला लागला नाही. २१ दिवस झाले. त्यातले पहिले १३ दिवस लाइनच नव्हती. उरलेले ८ दिवस लाइन होती, मोबाइल धडाधड चालत होते, कॉम्प्युटर मात्र ढिम्म हलत नव्हता. हे लिहिते आहे ते त्या ८ दिवसांसाठी. तेव्हा मला कोणी मराठीत नीट सांगितलं असतं, तर मी सीपीयू रिक्षात घालून बाजारात नेला नसता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. कॉम्प्युटरवर टायपिंग येतं, मेल येतो, सातबारा काढता येतो. सेटिंग्ज मात्र माझ्या कधीच नव्हत्या. त्या पुतण्याने केल्या होत्या, आणि तो आता नोकरीसाठी परदेशात आहे. त्या कॉम्प्युटरवर माझं एक काम दोन वर्षांपासून चालू आहे. माझ्या सासूबाई, वय ८१, त्यांच्या तोंडी असलेल्या अहिराणी ओव्या आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी मी मोबाइलवर रेकॉर्ड करते, कॉम्प्युटरवर उतरवते आणि ऐकून ऐकून टाइप करते. वादळाच्या दिवशी २०७ ओव्या आणि २३ गाणी झाली होती. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मोबाइलवर आला, तो मी वहीत लिहून ठेवला. रोज फोन केला की "माणूस निघालाय ताई" एवढंच उत्तर. त्या दिवसांत गावभर तारा तुटलेल्या होत्या, लाइटच धड नव्हती, त्यामुळे पहिले चार दिवस मी काही बोलले नाही. आठ दिवस झाल्यावर मात्र धीर सुटला.

मधल्या काळात, २७ मे रोजी, आमच्या यांना पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी सातबारा हवा होता. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो. दोन गटांचे ३० रुपये. मोबाइल यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडून त्याचं नेट घेतलं. उतारे निघाले, पण तासाभरात मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला. कॉम्प्युटरने एवढ्या दिवसांची अडकलेली अपडेट्स मागच्या मागे ओढायला सुरुवात केली होती. हे टाळता येतं. ज्या नेटवर्कला जोडलंय त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये "मीटर्ड कनेक्शन" असं एक बटण असतं, ते मोबाइलच्या नेटसाठी चालू करायचं. मग विंडोज मोठी अपडेट्स थांबवून ठेवतं. मला हे नंतर कळलं, तुम्ही आधीच करा.

३० मे रोजी नव्या फायबर कनेक्शनचा फॉर्म भरला. आधारकार्डाची झेरॉक्स, लाइट बिलाची झेरॉक्स, एक फोटो. बसवण्याचे १,००० रुपये, आणि महिन्याचे ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. लाइट बिल आमच्या सासऱ्यांच्या नावावर, फॉर्म माझ्या नावावर, म्हणून आणखी एक हेलपाटा झाला. घरातल्या माणसाच्या नावाचं बिल असेल तर नातं दाखवणारं रेशनकार्ड सोबतच घेऊन जा.

३ जूनला मुलगा आला. हुशार पोरगा होता, भर उन्हात गच्चीवर चढून वायर आणली, दिवाणखान्यात भिंतीला पांढरा डबा, म्हणजे वायफायचा राउटर, लावला. मग त्याने विचारलं, "ताई, वायफायला नाव काय देऊ?"

मी म्हणाले, "जुनंच दे. म्हणजे काही बदलायला नको."

सगळ्या गोंधळाचं मूळ हे एक वाक्य.

त्याने दोन्ही मोबाइलमध्ये नवा पासवर्ड स्वतःच टाकून दिला, नेट चालू झाल्याचं दाखवलं आणि गेला. मधल्या खोलीतला कॉम्प्युटर मी संध्याकाळी लावला. खाली उजवीकडे घड्याळाजवळ वायफायची खूण आली, जुन्या नावाला तो आपोआप जोडलाही गेला. पण नावाखाली ओळ होती, "नो इंटरनेट, सिक्युअर्ड". रेंज भरपूर, नेट शून्य. बंद करून चालू केला. नव्या डब्याचा स्विच काढून पुन्हा लावला. रात्री अकरापर्यंत हेच चाललं. सासूबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, "लागनं का वं?" काही लागलं नव्हतं.

५ जूनला रिक्षा केली, जाऊन-येऊन ६० रुपये, आणि सीपीयू बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी त्यांच्या वायफायला जोडून पाहिला. तिथेही तेच. जोडला जातो, नेट येत नाही. तपासणीचे १०० रुपये घेतले आणि म्हणाले, "विंडोज खराब झालंय. फॉरमॅट मारून नवीन टाकावं लागेल, ५०० रुपये. डेटा राहीलच असं नाही सांगता येणार."

माझे हातपाय गार पडले. मी म्हणाले, थांबा, घरी विचारून सांगते, आणि तसाच सीपीयू परत आणला. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की कदाचित सगळी गाणी जातील. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाना कोठे जातीन? मन्हा तोंडमा शेतस ना." त्यांच्या तोंडात आहेत हे खरं, पण ८१ वर्षांचं तोंड आहे, आणि गेल्या वर्षी सांगितलेल्या ओवीतला शब्द या वर्षी त्यांना आठवत नाही असं आता होऊ लागलंय. मला ते रेकॉर्डिंग हवंच होतं.

६ जूनला धुळ्याच्या भाचीला फोन लावला. ती बँकेत कॉम्प्युटरचं काम बघते. तिने पहिला प्रश्न विचारला तो मला कोणीच विचारला नव्हता.

"मावशी, जुना डबा कुठे आहे?"

जुना डबा माडीवर होता. जुनी वायर गच्चीवरून यायची म्हणून तो तिथे, गोधड्यांच्या ट्रंकेमागच्या फळीवर. तो बंद करायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. वर जाऊन पाहिलं, तर हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. बाहेरची तार तुटली म्हणून त्याच्यातून नेट येत नव्हतं, पण वायफायची रेंज तो अजून फेकत होता, आणि तीही त्याच जुन्या नावाने. म्हणजे घरात एकाच नावाचे दोन डबे. कॉम्प्युटरला यादीत एकच नाव दिसायचं. त्याच्याकडे साठवलेला पासवर्ड जुन्या डब्याचा, तो जुन्यालाच जुळायचा, आणि कॉम्प्युटर इमानाने त्या मेलेल्या लाइनला जाऊन चिकटायचा.

भाचीने मग मला समजावलं ते असं. कॉम्प्युटर एखाद्या वायफायला एकदा जोडला की त्याची नोंद करून ठेवतो. नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार, आणि रेंज दिसली की आपोआप जोडायचं की नाही, एवढं त्या नोंदीत असतं. ओळख नावावरून पटवतो. नाव तेच ठेवून पासवर्ड बदलला, की त्याच्या हातात जुनी किल्ली आणि दारावर नवं कुलूप. म्हणून नवा डबा येतो तेव्हा एक तर नाव आणि पासवर्ड दोन्ही अक्षर न अक्षर जुनेच ठेवावेत, अगदी इंग्रजी मोठी-छोटी लिपीसुद्धा, म्हणजे बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. नाहीतर दोन्ही नवे द्यावेत. मी अर्धं जुनं, अर्धं नवं केलं होतं.

डबा बंद करण्याआधी तिने आणखी एक गोष्ट करून घेतली. जुना पासवर्ड काय होता हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि प्रिंटरही त्याच्यावरच होता. कॉम्प्युटर जुन्या डब्याला जोडलेला असतानाच तो बघून घ्यायचा. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथे वायफायच्या नावावर क्लिक, मग वायरलेस प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी. तिथे पासवर्डच्या जागी काळे ठिपके असतात आणि त्यांच्याखाली "शो कॅरॅक्टर्स" असा चौकोन. त्यात बरोबरची खूण केली की विंडोज एकदा परवानगी विचारतं आणि ठिपक्यांची अक्षरं होतात. पुतण्याने सासूबाईंच्या माहेरच्या गावाचं नाव घातलं होतं. मी ते वहीत उतरवलं. पाच वर्षं आम्ही सगळे ते नाव रोज वापरत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

मग वर जाऊन जुन्या डब्याची पिन काढली. खाली आले तर संदेश बदलला होता. आता "कॅन्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क". मला वाटलं आणखी बिघडलं. भाची म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे, आता तो नव्या डब्याकडे जातोय आणि जुनी किल्ली लागत नाही म्हणून परत येतोय. आता फक्त जुनी नोंद पुसायची. सेटिंग्ज उघड, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आणि "मॅनेज नोन नेटवर्क्स".

ती यादी मी पहिल्यांदाच पाहिली. आमचं नाव, माझा हॉटस्पॉट, कालच्या दुकानाचं वायफाय, पुतण्याच्या मोबाइलचं नाव आणि आणखी दोन, जे मला ओळखूही आले नाहीत. आमच्या नावावर क्लिक केलं की दोन बटणं येतात, प्रॉपर्टीज आणि फर्गेट.

फर्गेट. विसर.

तिथे माझा हात थांबला. पुन्हा पुन्हा विचारलं, काय विसरेल? फाइली? गाणी? ती म्हणत होती, नाही मावशी, फक्त त्या एका वायफायची नोंद जाते, बाकी एकाही फाइलला हात लागत नाही. हे शंभर टक्के खरं आहे आणि आज मी ते तुम्हाला छातीठोक सांगते. पण आदल्याच दिवशी दुकानात "डेटा राहीलच असं नाही" हे ऐकून आले होते, त्यामुळे त्या संध्याकाळी माझ्याच्याने ते बटण दाबवेना. तेवढ्यात लाइटही गेली.

दुसऱ्या दिवशी ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला, ४५० रुपये. ७, ८ आणि ९ जून असे तीन दिवस, लाइट असेल तेव्हा, सगळं रेकॉर्डिंग आणि टाइप केलेलं त्यात कॉपी केलं. वायफाय बदलायला याची गरज नव्हती. तरी मी ते केलं याचं मला समाधान आहे, आणि ज्यांच्या कॉम्प्युटरवर जपण्यासारखं काही एकाच प्रतीत पडलेलं आहे त्यांनी कुठलंही निमित्त करून ते आजच करावं.

१० जूनला वटपौर्णिमा होती. पूजेहून आले, साडी बदलायच्या आधीच कॉम्प्युटरसमोर बसले आणि फर्गेट दाबलं. काहीही विचारलं नाही, काही वाजलं नाही, यादीतून नाव तेवढं गेलं.

आता नवा पासवर्ड. तो त्या मुलाने मोबाइलमध्ये परस्पर टाकलेला, मला माहीत नव्हता. डब्याच्या मागच्या स्टिकरवर असतो, पण डबा भिंतीला टेकलेला आणि अक्षरं मुंगीएवढी. मोबाइलने स्टिकरचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून वाचला. पहिल्यांदा चुकला. तिथे शून्य होतं ते मी इंग्रजी ओ वाचलं होतं. दुसऱ्यांदा टाइप करताना पासवर्डच्या रकान्याच्या उजव्या टोकाला असलेलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं, अक्षरं दिसली, एकेक ताडून पाहिलं. शिवाय आपला की-बोर्ड मराठी टायपिंगवर राहिलेला नाही ना, हे खाली कोपऱ्यात बघून घ्या. मी दिवसभर देवनागरीत टाइप करते, त्यामुळे माझ्याकडून हे हमखास होतं.

"कनेक्ट ऑटोमॅटिकली"वर खूण करून कनेक्ट केलं. मग प्रश्न आला की या नेटवर्कवरच्या इतर उपकरणांना हा कॉम्प्युटर दिसू द्यायचा का. आपल्या घरच्या नेटला "येस" म्हणायचं, नाहीतर प्रिंटर सापडायला अडचण येते. बसस्टँड, हॉटेल, दुसऱ्याचं दुकान अशा ठिकाणी "नो".

जोडला गेला. आणि खाली पुन्हा तेच. नो इंटरनेट, सिक्युअर्ड.

मला रडू आलं. खरंच आलं. सासूबाई शेजारी वडाच्या पूजेचे आंबे घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आते काय करानं?" मी म्हटलं, आता काही नाही, आता आंबा खायचा.

रात्री भाचीला कळवलं. ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "मावशी, दुकानातही असंच झालं होतं ना? जोडला गेला पण नेट नाही?" हो म्हटल्यावर म्हणाली, "मग वायफाय नाही, पत्ता चुकलाय. कॉम्प्युटरला कोणी नंबर बांधून दिलाय का?"

११ जूनला सकाळी साडेसातला, तिच्या ऑफिसच्या आधी, आम्ही फोनवर तो नंबर शोधला. वायफायला जोडल्यावर डबा प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता देतो, आयपी अॅड्रेस. साधारणपणे हे आपोआप होतं. पुतण्याने मात्र प्रिंटर नीट सापडावा म्हणून आमच्या कॉम्प्युटरला हाताने पत्ता टाकून पक्का केला होता, १९२.१६८.०.५०, आणि बाहेर जायचं दार म्हणजे गेटवे १९२.१६८.०.१, जो जुन्या डब्याचा पत्ता होता. नव्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१. मधल्या शून्याचा एक झालाय, बस्स, एवढाच फरक. कॉम्प्युटर नव्या घरात शिरत होता, पण बाहेर जायला जुन्या घराचं दार शोधत होता. दुकानात त्याने हेच केलं, आणि त्यांनी ते विंडोजच्या माथी मारलं.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की असा हाताने टाकलेला पत्ता वायफायच्या नोंदीत नसून अडॅप्टरवर, म्हणजे आमच्याकडे मागे खोचलेल्या, वायफाय पकडणाऱ्या छोट्या डोंगलवर टाकलेला असला, तर फर्गेट केल्याने तो जात नाही. तो वेगळा काढावा लागतो. नेटवर्क सेटिंग्जमध्ये "चेंज अडॅप्टर ऑप्शन्स", तिथे वायफायच्या चिन्हावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, यादीत "इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४" निवडून पुन्हा प्रॉपर्टीज. आत वर-खाली दोन जागा आहेत, एक पत्त्यासाठी, एक डीएनएससाठी (वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय). दोन्हीकडे "ऑब्टेन ऑटोमॅटिकली" असलेलं वरचं गोल निवडायचं. भाचीने आधी जुने सगळे आकडे वहीत उतरवायला लावले, म्हणजे चुकलं तर परत टाकता येतील. मग ओके, आणि मागच्या खिडकीलाही ओके. मागच्या खिडकीचा ओके मी विसरले होते, तिने आठवण केली.

सात-आठ सेकंद गेले. "नो इंटरनेट" ही ओळ गेली आणि तिथे "कनेक्टेड" आलं.

बाकीचं काम अर्ध्या तासाचं. यादीतून दुकानाचं आणि ती अनोळखी नावं फर्गेट केली. हॉटस्पॉट ठेवला, पण त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आपोआप जोडण्याचं बटण बंद केलं, नाहीतर हॉटस्पॉट चालू असताना कॉम्प्युटर घरच्या नेटऐवजी त्याला लागू शकतो. आमचं डोंगल जुनं असल्याने नव्या डब्याचं शेवटी ५जी (म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलचं ५जी नव्हे) लावलेलं दुसरं नाव त्याला दिसतच नाही, मोबाइलला दिसतं. ते डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. त्यात काही बिघाड नाही, कामापुरता वेग मिळतो. प्रिंटरचीही स्वतःची साठवलेली नोंद असते, ती अजून बदललेली नाही. सध्या त्याला यूएसबीची वायर लावली आहे आणि तो छापतो आहे.

ही सगळी नावं विंडोज १० मधली आहेत, आमच्याकडे तेच आहे. ११ मध्ये खिडक्या थोड्या वेगळ्या दिसतात, पण "मॅनेज नोन नेटवर्क्स" आणि "फर्गेट" तिथेही वायफायच्या पानावरच सापडतात.

नव्या लाइनचे १,५८९ सोडले तर कॉम्प्युटरपायी ६१० रुपये गेले, त्यातला पेन ड्राइव्ह कामाचा. वायफायचं नाव, नवा पासवर्ड, जुने आकडे आणि कुठे क्लिक करायचं ते सगळं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. आमच्या यांना त्यावरून एकदा करून बघायला लावलं. त्यांना जमलं.

त्याच रात्री सगळ्या ओव्या आणि गाणी ऑनलाइन साठवायला लावली. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकत होती, तिच्याकडे बघत त्यांनी हळूच एक ओवी म्हटली, माहेरच्या वाटेवरच्या बाभळीची. ती माझ्याकडे नव्हती. मी मोबाइल उचलला, त्यांना म्हटलं, थांबा, पहिल्यापासून. ती २०८ वी.